थोरलीची डावी बाजू

लग्न होऊन मी या घरात आले त्याला आठवडाही झाला नसेल. दुपारची वेळ होती. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते आणि बाहेरच्या खोलीत सासूबाई फोनवर बोलत होत्या. त्यांचा आवाज मुळातच मोठा. ज्या बाईचं निम्मं आयुष्य शिलाई मशिनच्या खडखडाटात गेलं, तिला हळू बोलणं माहीतच नसतं.

"थोरलीत आता काही राम राहिला नाही हो मास्तर," त्या म्हणत होत्या. "वरून रंगरंगोटी करून किती दिवस चालवणार? आतून गळायला लागलीय. गिऱ्हाईक मिळालं की देऊन मोकळे होतील. मधली अजून खेचेल थोडी. धाकटीचं तर बघायलाच नको." मग जरा थांबून, आणखी मोठ्यानं, "उजवीचं बोला मास्तर, उजवीचं! डावी बाजू अगदी ठणठणीत आहे तिची."

माझ्या नवऱ्याला एकच भाऊ, तो धाकटा, आणि त्याचं लग्न व्हायचं होतं. त्यामुळे मधली कोण आणि धाकटी कोण याचा मला पत्ता लागेना. पण या घरातली थोरली सून कोण, याबद्दल काही शंका नव्हती. मी नकळत माझा उजवा खांदा चाचपून पाहिला.

संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा मी पलंगावर बॅग उघडून बसले होते. "तुमच्या आईला मी पसंत नव्हते तर आधी सांगायचं. गिऱ्हाईक कसलं शोधताय?" असं म्हणून मी सगळं सांगितलं. तो आधी गोंधळला, मग इतका हसला की खालीच बसला. सासूबाई काय झालं म्हणून बघायला आल्या. त्यानं हसत हसत त्यांना सांगितलं. त्या कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"अगं, तू नाही. विमान."

"विमान?"

"थोरली म्हणजे आमचं विमान. तू कशाला गळशील एवढ्यात?"

आमच्या दोघींमधला हा पहिला विनोद. बॅग मी परत वर ठेवली.

सासूबाई एका विमान कंपनीच्या शिवणखात्यात कामाला होत्या. विमानाला शिवणखातं लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, विमानात सगळं काम पान्ह्याचं आणि तेलाचं. त्या म्हणाल्या, "इंजिन नवीन घालता येतं गं. विमान म्हातारं दिसतं ते बसायच्या जागेत." खुर्च्यांच्या खोळी, गालिचे, पडदे, पट्टे, उशा, सगळं शिवणखात्यात व्हायचं. लांब टेबलं, त्यांच्यावर ओळीनं मशिनं, आणि भिंतीच्या पलीकडे हँगरमध्ये तीन विमानं आळीपाळीनं येऊन उभी राहायची. कागदावर त्यांना अक्षरं आणि आकडे होते. ते कुणाच्या जिभेवर बसेनात म्हणून बायकांनी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी करून टाकलं. नंतर साहेब लोकही तसंच म्हणायला लागले. थोरली कंपनीनं सगळ्यांत आधी घेतली होती, तीही जुनी. आधी कुठल्या तरी दुसऱ्या देशातल्या कंपनीकडे चालत होती. "ती एका घरी नांदून आलेली," सासूबाई सांगायच्या. "आली तेव्हाच तिच्या सवयी ठरलेल्या होत्या. मागचं दार दोनदा ओढल्याशिवाय लागायचं नाही."

पण त्यांचं खरं काम होतं गोधड्यांचं.

ही गोष्ट त्यांनी मला कपडे धुताना समजावून सांगितली, कारण त्यांचे कामाचे कपडे आमच्या कपड्यांत कधीच मिसळायचे नाहीत. मी एकदा अनवधानानं मिसळले आणि सगळं घर दोन दिवस खाजवत बसलं. विमानाची बाहेरची कातडी पत्र्याची. आतली भिंत गुळगुळीत, प्रवाशांना दिसते ती. या दोहोंच्या मधल्या पोकळीत काचेच्या कापसाच्या गाद्या भरलेल्या असतात, पातळ कापडाच्या खोळीत शिवून. गारठा आणि आवाज दोन्ही अडवायला. त्यांचं पुस्तकी नाव काहीतरी लांबलचक होतं. शिवणखात्यात त्या गोधड्या, आणि त्यांची कूस तिथं सगळ्यांच्याच कपड्यांवर. प्रवाशाला त्या आयुष्यात कधी दिसत नाहीत. विमान हाडापर्यंत उघडून मोठी दुरुस्ती काढली तरच दिसतात, आणि तशी दुरुस्ती कित्येक वर्षांतून एकदा निघते.

"आणि गळतं ते काय?" मी विचारलं.

"श्वास."

"काय?"

"इतकी माणसं बंद जागेत बसून श्वास सोडतात. तो जातो कुठं? न्हाणीघरात आरशावर वाफ धरते ना, तशी ती भिंतीमागे जाऊन थंडगार पत्र्यावर धरते. वर असताना गोठते. उतरायला लागलं की वितळते. ते पाणी गोधडीत शिरलं की गोधडी जड होते, कुजते, आणि एक दिवस माणसांच्या डोक्यावर ठिबकते."

इथूनच त्यांचं आणि मास्तरांचं वाजलं होतं. मास्तर म्हणजे शिवणखात्याचे मुख्य शिंपी. बारीक, नेटके, खिशाला कायम टाचण्या. त्यांची पद्धत अशी की खोळ साध्या शिवणीनं शिवायची आणि खालच्या कडेला भोकं ठेवायची. त्यांचं म्हणणं, पाणी शिरणारच, तर शिरलेल्याला बाहेर जायला वाट द्या. सासूबाईंना हे मान्यच नव्हतं. त्यांनी कड आत घेऊन दोनदा दुमडायची आणि दुमडीवरून दोन शिवणी मारायची पद्धत काढली. भोकं नाहीत, काही नाही. "शिरूच द्यायचं नाही," हे त्यांचं वाक्य. घरातही त्यांची हीच रीत होती. पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली कापड, खिडकीच्या फटीत चिंध्या, आणि नणंदेच्या सासरच्या भानगडी घरात बोलायच्या नाहीत.

वाद इतका वाढला की गोधड्यांच्या टेबलावर दोन तट पडले. शेवटी थोरलीची मोठी दुरुस्ती निघाली तेव्हा मोठ्या साहेबांनी निकाल दिला. डावी बाजू बाईंनी शिवायची, उजवी मास्तरांनी. पुढच्या मोठ्या दुरुस्तीला उघडू तेव्हा कुणाचं बरोबर ते कळेल. दुमडीला कापड आणि वेळ जास्त लागतो, तर तोवर बाकीच्या गोधड्या मास्तरांच्याच पद्धतीनं, आणि बाई पडद्यांच्या टेबलावर.

"तोवर" म्हणाले होते. पण ती पुढची दुरुस्ती आमच्या कंपनीत झालीच नाही. त्याआधीच थोरलीला गिऱ्हाईक शोधायला लागले, आणि त्याच सुमाराला मी लग्न होऊन आले.

"जायच्या आत तुला एकदा थोरलीतून फिरवून आणते," सासूबाई म्हणाल्या.

कामगारांच्या घरच्यांना विमानाची तिकिटं मिळायची, पण जागा उरली तर. आम्ही डबा, पाण्याची बाटली आणि स्वेटर घेऊन सकाळी विमानतळावर जायचो. दुपारी कुणीतरी येऊन सांगायचं की आज थोरली भरली. मग तिथंच बाकावर डबा खायचा आणि घरी यायचं. शेजारची बाई विचारायची, "काय, जाऊन आलात?" असं तीनदा झालं. चौथ्यांदा दोन जागा मिळाल्या.

सासूबाईंनी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, "डावीकडच्या दे."

"मावशी, मिळतायत हेच—"

"डावीकडच्या."

मिळाल्या. जिन्यावरून वर जाताना त्या दाराच्या चौकटीवरून हात फिरवून आत गेल्या. वाटेत प्रत्येक पडद्याची कड अंगठ्यानं तपासत होत्या. मागचे लोक खोळंबले होते, त्याची त्यांना पर्वा नव्हती.

मला मात्र सगळंच बघायचं होतं. खुर्चीच्या हातात एक बारीक झाकण होतं. उघडलं तर राखदाणी. विमानात विडी-सिगारेट बंद होऊन जमाना लोटला होता. आत कुणीतरी च्युइंगम चिकटवून ठेवलं होतं. समोरचं टेबल ओढलं की आपोआप पुढे कलायचं. खुर्चीखाली एक पट्टी होती, तिच्यावर मला न कळणाऱ्या लिपीत काहीतरी लिहिलेलं. संडासाच्या दारावर पांढऱ्या रंगाखाली एका पक्ष्याचा आकार फुगून दिसत होता. पहिल्या घरची खूण ती. किती माणसं या खुर्चीत बसून कुठे कुठे गेली असतील, असं मनात आलं. ज्याला ती लिपी वाचता येते असा कुणीतरी माझ्याच जागी बसून हीच पट्टी वाचत असेल. काय लिहिलं असेल? सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पाय इथं ठेवू नका असं असणार. सगळीकडे तेच लिहितात."

उडताना भांड्यांचं कपाट धरून कुणी गदागदा हलवावं तसा आवाज झाला. सासूबाई डोळे मिटून कान देऊन बसल्या होत्या. "ऐक. डावीकडून आवाज कमी येतोय की नाही?" मला दोन्हीकडून सारखाच येत होता. मी मान हलवली.

उतरायला लागलो तेव्हा माझ्या मानेवर एक थेंब पडला. मग आणखी एक. मी वर पाहिलं. दिव्याशेजारच्या फटीत तिसरा जमून लोंबत होता, तोही पडला. सासूबाईंनीही पाहिलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. एखाद्या आईनं शाळेतून आपल्याच मुलाची तक्रार ऐकावी तसा.

"उजवीकडचं आहे ते," त्या म्हणाल्या. "विमान वळलं ना आत्ता. तिकडचं ओघळून इकडं आलं."

विमान बराच वेळ सरळ चाललं होतं. मी रुमालानं मान पुसली आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

नंतर मास्तर घरी आले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग सूनबाई, थोरलीतून फिरून आलात म्हणे. कुठल्या बाजूला बसला होता?"

"डावीकडे."

"अंगावर काही पडलंबिडलं नाही ना?"

स्वयंपाकघरातला कपबश्यांचा आवाज थांबला. सासूबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. "तिला झोप लागली होती," त्या म्हणाल्या. "घ्या, गरम आहे."

मी चहा घेतला. मास्तरांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि तेही चहा प्यायले.

त्या वर्षाअखेर थोरली गेली. पाठवायच्या आधी तिला नवे पडदे करायचे होते, ते सासूबाईंनी शिवले. मधली आणि धाकटीही काही वर्षांनी गेल्या. कंपनीनं नवी विमानं घेतली, त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. सासूबाई निवृत्त झाल्या. मी दोन मुलं मोठी केली, केस पांढरे केले. पण नातेवाइकांत कुणी परदेशी जाऊन आलं की सासूबाईंचे प्रश्न ठरलेले. विमान जुनं होतं का? कुठल्या बाजूला बसलात? वरून काही ठिबकलं का? लोक भेटवस्तू दाखवायला यायचे आणि गळतीची चौकशी करून परत जायचे.

थोरलीची खबरबात मास्तरांकडून यायची. त्यांना ती कुठून मिळायची देव जाणे. कुणाच्या तरी फोटोत मागे दिसली, आता हिरवी आहे, बेटाबेटांवर फिरते. मग मधे बरीच वर्षं काहीच नाही. मग कळलं की खुर्च्या काढून टाकल्या, खिडक्या बुजवल्या, आता सामान वाहते.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "माणसं नाहीत म्हणजे श्वास नाही. श्वास नाही म्हणजे पाणी नाही. फुलांची खोकी नेतात म्हणे."

"फुलं श्वास सोडत नाहीत का?" मी भाजी चिरता चिरता विचारलं.

त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "हा विचार मी केलाच नव्हता," त्या म्हणाल्या, आणि उठून मास्तरांना फोन लावायला गेल्या.

या वर्षी एका सकाळी फोन वाजला. सासूबाईंनी उचलला. आता त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आवाज आणखी चढलाय.

"थोरली आली?"

"मी गेलेच कुठे होते?" मी आतून ओरडले.

त्यांनी हातानंच मला गप्प केलं. मास्तर बोलत होते. ते आता मुलाकडे, जुन्या धावपट्टीच्या बाजूला राहतात. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला विमानं मोडायचं एक यार्ड झालंय. लांबलांबून म्हातारी विमानं तिथं शेवटची येतात. त्यांतलं एक, पांढरंफटक, खिडक्या बुजवलेलं, गेल्या आठवड्यात उतरलं. मास्तर रोज फिरायला जातात ते यार्डाच्या कुंपणापर्यंत. मागचं दार लावताना यार्डातल्या माणसानं ते दोनदा ओढलं, एवढ्यावरून त्यांना संशय आला. मग आत जाऊन त्यांनी दाराच्या चौकटीवर ठोकलेली पाटी वाचून घेतली. रंग बदलतात, कंपनी बदलते, ती पाटी बदलत नाही. आकडा थोरलीचाच.

"आतल्या भिंती उतरवतायत," मास्तर म्हणाले असावेत, कारण सासूबाई एकदम उभ्या राहिल्या. "कापायच्या आत मला डावी बाजू बघायचीय," त्या म्हणाल्या. "मी आल्याशिवाय हात लावू देऊ नका."

शनिवारी जायचं ठरलं. शनिवारी ते यार्ड लोकांसाठी उघडं असतं. पण शनिवारी सकाळी त्या तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. मी गाडीची किल्ली घेऊन दारात उभी.

"चला ना आई."

"कुजलेली निघाली तर?"

"तर कुजलेली."

"तुला काय जातंय म्हणायला." त्यांनी पर्सची चेन उघडली, लावली. "पुढची सगळी नोकरी पडदे शिवले मी. वाईट काम नव्हतं. पण पडदा कुणीही शिवतं गं. थोरली उघडेपर्यंत पडद्यावर, असं म्हणाले होते. आता उघडलीय. आज कळेल, मला चुकून तिथं बसवलं होतं की बरोबर बसवलं होतं."

"नाही गेलो तर कळणारच नाही."

"तेच तर. बरं चाललंय की न कळता." मग उठल्या. "चल. चष्मा घेतलास का माझा? तो नाही, जवळचा."

यार्डाच्या फाटकाशी मास्तर काठी घेऊन उभे होते. इस्त्रीचा शर्ट, आणि खिशाला अजूनही टाचण्या.

"या बाई. भीती वाटतेय का?"

"तुमच्या वयात तुम्हाला वाटायला हवी."

आत उघड्यावर इतर विमानांतून काढलेल्या खुर्च्यांच्या ओळी विकायला मांडल्या होत्या. एक केस कापणारा दुकानदार तिघांची खुर्ची बसून बघत होता, मागे रेलून, तोंड वर करून, जणू त्यालाच कुणी दाढी करणार आहे. यार्डाचा मुकादम आमच्याकडे आला. "खुर्ची हवी की दार? खिडक्या संपल्या."

"भिंत बघायचीय," सासूबाई म्हणाल्या.

"भिंत कुणी घेत नाही आजी."

"घ्यायची नाही. बघायचीय."

त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर रोज येऊन त्याचं डोकं खात असणार, कारण तो वाद न घालता आम्हाला लोखंडी जिन्यापाशी घेऊन गेला. दाराच्या कडेला रंगाचे पोपडे निघाले होते. पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली निळा, त्याखाली पिवळा. सासूबाईंनी पिवळ्यावर बोट टेकवलं. "हा आमचा," त्या म्हणाल्या.

आत मी जे पाहिलं ते विमान वाटत नव्हतं. लांब, कमानीकमानींची बोगद्यासारखी पोकळी, आणि दर दोन कमानींच्या मधे मळक्या राखाडी गोधड्या. वरपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंना. ओल्या फडक्याचा वास. इतकी वर्षं मी ज्यांच्याबद्दल ऐकत होते त्या या. मला चटकन हात लावावासा वाटला, पण खाज आठवली.

सासूबाई डावीकडे वळल्या, मास्तर उजवीकडे. दोघं पाठीला पाठ लावून उभे. एकीनं टॉर्च धरलेली, एकानं काठी बगलेत मारलेली.

"मास्तर?"

"बोला."

"तुमचं काय म्हणतंय?"

"आधी तुमचं सांगा."

"मी आधी विचारलं."

दोघंही सांगेनात. शेवटी मास्तर म्हणाले, "सूनबाई, तुम्ही बघा. तुम्हाला यातलं काही कळत नाही, म्हणजे तुमचं खरं धरू."

म्हणून मी पाहिलं. उजवीकडच्या गोधड्या कोरड्या होत्या, पण रिकाम्या. भोकांपासून शिवण उसवत वर गेलेली, काचेचा कापूस घसरून तळाशी गोळा झालेला, वरचा भाग नुसतं कापड, जुन्या उशीच्या अभ्र्यासारखा. डावीकडच्या मात्र भरगच्च. शिवण एकही टाका न सुटलेली, दुमड कडक. मला बरं वाटलं. मग मी एकीचं खालचं टोक रुमालानं धरून जरा उचललं. ती दगडासारखी जड होती. दाबलं तर कुठल्याशा बारीक चिरेतून तपकिरी पाणी बाहेर आलं आणि माझ्या बुटावर सांडलं.

"उजवी फाटलीय," मी म्हणाले. "डावी भरलीय."

मास्तर हुंकारले. सासूबाई रुमालानं बोटं पुसत होत्या. मी सांगायच्या आधीच त्यांनी दाबून पाहिलं असणार. त्यांच्याही बोटांना तपकिरी डाग होते. त्या कमानी धरत धरत पुढे निघाल्या. मला वाटलं, आता बाहेर जायचं म्हणतील. बोटं गोधड्यांवरून फिरवत चालल्या होत्या, त्या प्रवासात पडद्यांवरून फिरवली होती तशी. मधल्या भागात पोचल्या आणि थबकल्या.

"ही माझी नाही."

मास्तरही त्यांच्या बाजूनं तिथवर आले होते. त्यांनी वाकून पाहिलं. "ही माझी नाही."

तिथून पुढे दोन्ही बाजू सारख्या होत्या. कापड वेगळं, जरा जाड. दोरा विटकरी. कड दोनदा दुमडलेली, वरून दोन शिवणी, अगदी सासूबाईंसारखी. पण खालच्या कोपऱ्यात एक बोटभर जागा उघडी ठेवलेली, आणि तिच्यावर कापडाची एक छोटी जीभ, खिशाच्या झाकणासारखी, खाली तोंड करून शिवलेली. आतलं पाणी ठिबकून जाईल, बाहेरचं आत शिरणार नाही. सासूबाईंनी एक गोधडी तळहातावर तोलली. हलकी. दाबली. हात कोरडा.

"हे कुठं केलं असेल?" मी मुकादमाला विचारलं.

"काय माहीत ताई. दोन-तीन देशांत फिरलीय. कुठं तरी उघडली असेल मधे."

सासूबाई टॉर्च अगदी जवळ नेऊन बघत होत्या. "दोन्ही बाजू उघडून बघितल्या तिनं. माझी दुमड घेतली."

"आणि माझं भोक."

"भोक नाही म्हणायचं याला. भोक तुमचं होतं. हे दार आहे."

"ती म्हणताय, कशावरून बाई आहे?"

"दोऱ्याचं टोक आत घेतलंय बघा. गाठ दिसत नाही कुठं."

"मीसुद्धा आत घेतो."

"तुम्ही कधी घेतलंत?"

"माझ्या शर्टाचं बघायचंय?"

"राहू द्या." त्या जिभेच्या कडेवरून त्यांचं बोट पुन्हा पुन्हा फिरत होतं. "आधी जीभ लावली की आधी कड दुमडली? दुमडल्यावर लावली तर सुई जाणार नाही. आधी लावली तर उलटी व्हायला हवी." त्यांनी ती उलटून पाहिली, परत सरळ केली. "हे मला सुचलं नाही, मास्तर."

"मलाही नाही," मास्तर म्हणाले. "बाई, आपण दोघं एका टेबलावर असतो तर?"

"तर भांडलो असतो."

मुकादमानं त्यातली एक गोधडी कापून काढून दिली. "न्या. कचराच आहे तो." मी गाडीतली मोठी पिशवी आणली. घरात हे कुठं ठेवायचं आणि किती दिवस खाजवायचं, याचा हिशेब माझ्या डोक्यात सुरू झाला होता.

परतताना मास्तरांना त्यांच्या घरी सोडायचं होतं. ते मागे बसले, सासूबाई माझ्या शेजारी, पिशवी मांडीवर. मग मागून मास्तर म्हणाले, "तिनं आधी उजवी उघडली असणार. फाटलेलं लगेच दिसतं."

"भरलेलं आधी ठिबकतं," सासूबाई म्हणाल्या. "डावी आधी." मग माझ्याकडे वळल्या. "अगं, तू त्या वेळी थोरलीत बसली होतीस. तुझ्या मानेवर थेंब पडले. किती होते?"

मी सिग्नलवर गाडी थांबवली. "तीन."

"गार?"

"गार. जरा चिकट."

"वास?"

"आत्ता आत येत होता तोच."

त्यांनी मान डोलावली. "म्हणजे तेव्हाच भरली होती. माझ्या डोक्यात होतं, उशिरा भरली असेल. आमच्याकडे असतानाच भरली." त्या पडल्या आवाजात बोलत नव्हत्या. हातात आलेल्या कापडाचा पोत ओळखावा तसं म्हणत होत्या. "आणि विमान तेव्हा सरळ चाललं होतं, नाही का?"

"सरळच."

मागच्या सीटवर काठी सरकल्याचा आवाज झाला. मास्तर दोन सीटच्या मधून पुढे वाकले होते. "सूनबाईंना झोप लागली होती ना?"

"जाग आली असेल," सासूबाई म्हणाल्या. "सिग्नल सुटला, चल गं. आणि मास्तर, उद्या दुपारी या घरी. ती जीभ उसवून बघायचीय. एकटीला जमणार नाही, कुणीतरी धरायला लागेल."

"तुमच्या सूनबाई आहेत की."

"तिला खाज येते," सासूबाई म्हणाल्या.